फ्रान्सच्या मनोरुग्णालयांतील उपासमार (1940–44)

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीने फ्रान्स पादाक्रांत केल्यानंतर तेथील मनोरुग्णालयांत भूक आणि भुकेतून जडलेल्या आजारांनी सुमारे 45,000 रुग्ण दगावले. व्यवस्था कोलमडली तर मनोरुग्णांचे काय होईल, याची चर्चा बहुधा ‘गोळ्या संपल्या तर?’ इथून सुरू होते. या रुग्णांच्या नशिबी गोळ्या नव्हत्याच. मनोविकारांवरची आधुनिक औषधे 1952 नंतरची. ते मेले अन्नावाचून.

सप्टेंबर 1940 मध्ये रेशनिंग लागू झाले. ठरवून दिलेल्या शिध्यावर कोणाचेच भागत नव्हते. बाहेरची माणसे काळाबाजार, गावाकडचे नातलग, परसातला भाजीपाला यांवर तग धरून होती. कुलपाआडच्या रुग्णाला फक्त शिधा, आणि तोही पुरता हाती पडेलच असे नाही. घरच्यांनी टाकलेल्यांना तर पार्सलही येत नसे. पाय सुजत, क्षय बळावे. लोक गवत आणि भाज्यांची सालपटे खात. शिल्पकार कामीय क्लोदेल 30 वर्षे कोंडलेल्या अवस्थेत काढून 19 ऑक्टोबर 1943 रोजी माँदवेर्गच्या रुग्णालयात वारल्या, त्या याच दिवसांत.

हे ठरवून केलेले हत्याकांड होते काय? डॉक्टर माक्स लाफों यांनी 1987 मध्ये तसा आरोप केला. इतिहासकार इझाबेल फॉन ब्युल्त्सिंग्सलोव्हन यांना मात्र नाझी जर्मनीत होता तसा रुग्णांना ठार मारण्याचा हुकूम फ्रान्समध्ये आढळला नाही. हुकमाची गरजच पडली नाही, असे म्हणणे अधिक रास्त. डिसेंबर 1942 मध्ये जर्मनीशी हातमिळवणी केलेल्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने परिपत्रक काढून या रुग्णांचा शिधा वाढवला, तेव्हा मृत्यू घटू लागले. म्हणजे उपाय हाताशी होता.

लोझेरच्या डोंगराळ मुलखातील सँ-आल्बाँ रुग्णालयाने परिपत्रकाची वाट पाहिली नाही. स्पेनच्या यादवीतून निसटलेले कॅटलान डॉक्टर फ्रान्स्वा तोस्केल आणि त्यांचे सहकारी यांनी फाटकच उघडले. रुग्ण आसपासच्या शेतांवर राबत आणि मोबदल्यात धान्य-बटाटे आणत. खाण्याजोगी अळंबी कोणती, हे त्यांना शिकवले जाई. क्षयरोग्यांना जादा शिधा मिळे, म्हणून धडधाकट फुप्फुसांच्या रुग्णांचीही नोंद क्षयरोगी अशी होई. कवी पॉल एल्युआर 1943 मध्ये इथेच लपून राहिले. इतरत्र झाले तसे मृत्यूचे सत्र या रुग्णालयात झाले नाही.