हॅम्बल्डनचे चढते-उतरते दिवस

१८ जून १७७७. इंग्लंडमधल्या सेव्हनओक्सच्या मैदानावर एका बाजूला हॅम्पशायरमधल्या हॅम्बल्डन या खेड्याचा क्लब, समोर बाकीचं इंग्लंड, आणि पैज एक हजार गिनींची. इंग्लंडचा पहिला डाव १६६ धावांत आटोपला. मग जेम्स एलवर्ड बुधवारी संध्याकाळी पाचला फलंदाजीला उतरला आणि शुक्रवारी दुपारी तीनच्या सुमारास १६७ धावा काढून बाद झाला. हॅम्बल्डनच्या ४०३ धावा झाल्या, इंग्लंडचा दुसरा डाव ६९ धावांत गडगडला. विजय एक डाव आणि १६८ धावांनी!

खेड्याच्या अंगात हे बळ आलं कुठून? पैसेवाल्यांकडून. क्लब चालवत होते जमीनदार आणि उमराव. त्यांना खेळाची हौस होती आणि त्याहून जास्त पैजांची. खेळाडू मात्र कष्टकरी. ते आसपासच्या गावांतून यायचे आणि त्यांना खेळण्याचे पैसे मिळायचे. कप्तान रिचर्ड नायरन ब्रॉडहाफपेनी डाउन या माळरानावरच्या मैदानालगतची ‘बॅट अँड बॉल’ खानावळ चालवायचा. जॉन स्मॉल मूळचा चांभार, पुढे बॅट आणि चेंडू बनवू लागला. भेदक गोलंदाज डेव्हिड हॅरिस कुंभारकाम करायचा.

खेळाच्या नियमांवरही हॅम्बल्डनची छाप आहे. १७७१ मध्ये चर्टसीकडून खेळणारा थॉमस व्हाइट यष्ट्यांइतकीच रुंद बॅट घेऊन मैदानात आला. हॅम्बल्डनकरांनी लेखी हरकत घेतली आणि बॅटची रुंदी सव्वाचार इंचांवर बांधली गेली. ती आजही तेवढीच आहे. तेव्हा यष्ट्या दोनच असत. १७७५ मध्ये लंडनला लंपी स्टीव्हन्सचा चेंडू तीनदा स्मॉलच्या दोन यष्ट्यांमधून आरपार गेला, तरी स्मॉल नाबादच! त्यानंतर लवकरच मधली तिसरी यष्टी आली.

ज्यांच्या पैशावर क्लब वाढला, त्यांचीच पावलं पुढे लंडनकडे वळली. १७८२ मध्ये उमरावांच्या सोयीसाठी मैदान ब्रॉडहाफपेनीवरून गावाजवळच्या विंडमिल डाउनवर हलवलं, तरी ते फार काळ टिकले नाहीत. १७८७ मध्ये थॉमस लॉर्डचं मैदान सुरू झालं, मेरिलबोन क्रिकेट क्लब उभा राहिला आणि मोठे सामने तिकडेच होऊ लागले. १७९१ मध्ये नायरननेही गाव सोडलं. २१ सप्टेंबर १७९६ च्या बैठकीच्या नोंदीत एकही सभासद हजर नसल्याचं लिहिलं आहे. त्याआधीच्या, २९ ऑगस्टच्या बैठकीच्या नोंदीत पाहुण्यांत नाव आहे ‘राइट्स ऑफ मॅन’चा लेखक थॉमस पेन याचं! पेन तेव्हा फ्रान्समध्ये होता. म्हणजे कुणीतरी थट्टाच केली असणार.

ओस पडलेल्या ब्रॉडहाफपेनीवर शेती होऊ लागली. मात्र रिचर्डचा मुलगा जॉन नायरन याच्या आठवणी १८३३ मध्ये पुस्तकरूपाने आल्या आणि हॅम्बल्डनचं नाव पुन्हा लोकांच्या तोंडी आलं. १९०८ मध्ये तिथे स्मारकशिला उभारून हॅम्बल्डन आणि इंग्लंड यांचा सामना भरवण्यात आला. १९५९ पासून ब्रॉडहाफपेनीवर नौदल अधिकाऱ्यांनी सुरू केलेला ‘ब्रिगंड्स’ हा संघ खेळतो. गावाच्या आजच्या क्लबचं मैदान वेगळं आहे, रिज मेडो.