पेगचा ग्लास: ओळख, काळ आणि मोल

जबलपूरच्या नेपियर टाउनमधले एखादे जुने घर डोळ्यांसमोर आणा. घर पाडायचे ठरले आहे आणि आवराआवरीत कपाटातून बोटभर उंचीचे चार काचेचे ग्लास निघतात. आजी म्हणतात, "औषधाचे आहेत." काका हसून म्हणतात, "गोऱ्या साहेबाचे, व्हिस्कीचे." भंगारवाला ते रद्दीबरोबर उचलायला तयार आहे. तुम्ही इतिहासाचे विद्यार्थी आहात. कोणाचे ऐकाल?

काकांची गोष्ट अशक्य नाही. 1817 पर्यंत जबलपूर नागपूरकर भोसल्यांकडे होते. मग इंग्रज आले, छावणी वसली, 1904 मध्ये तोफगाड्यांचा कारखाना निघाला. साहेबाची वस्तू मराठी कपाटात येऊ शकते. पण शक्यता म्हणजे पुरावा नव्हे.

माप घ्या. ग्लास स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवा आणि पाणी भरा. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे साधारण एक मिलिलिटर. ब्रिटिश द्रव औंस 28.4 मिलिलिटरचा असतो, तर आजचा भारतीय छोटा पेग 30 मिलिलिटरचा. फरक इतका थोडा आहे की केवळ त्यावरून काळ ठरवू नका. मात्र ग्लासावर आपल्या सरकारी पडताळणीचा शिक्का आणि मिलिलिटरची खूण असेल, तर तो 1956 च्या दशमान मापन कायद्यानंतरचा. चमच्यांच्या किंवा औंसांच्या रेघा असतील, तर आजींचे म्हणणे बळावते.

घडण पाहा. तळाशी मधोमध खरखरीत व्रण असेल, तर काच हाताने घडवताना तिथे लोखंडी दांडी चिकटवलेली होती. बाजूला उभी शिवण असेल, तर साचा वापरला आहे. काचेतले बुडबुडे पाहून "जुना" असे म्हणू नका. हातकामाच्या काचेत ते आजही येतात. तळाच्या कडेवर वेगवेगळ्या दिशांचे बारीक ओरखडे असतील, तर ग्लास बराच वापरला गेला आहे.

अक्षरे वाचा. अमेरिकेत 1920 ते 1933 दारूबंदी होती. त्याआधी गाळणारे आपले नाव आम्लाने कोरलेले पातळ काचेचे छोटे ग्लास जाहिरातीसाठी वाटत. बंदीनंतर जाड तळाचे ग्लास रूढ झाले. बुडालेल्या कंपनीचे नाव असलेल्या ग्लासाला संग्राहक अधिक दाम देतात.

आपल्याकडे स्वदेशीच्या काळात तळेगावला 1908 मध्ये पैसा फंडाचा काच कारखाना निघाला. एकेका माणसाकडून एक पैसा, अशा वर्गणीतून तो निधी उभा राहिला होता. ओगल्यांचा कारखाना 1916 चा. त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर गेला. अशा कारखान्याची खूण असलेला साधा ग्लास बाजारात स्वस्त ठरेल, पण उद्योगाच्या इतिहासात तो महाग आहे.

आता किंमत. ती चार गोष्टींवर ठरते: दुर्मीळपणा, अवस्था, पूर्ण संच आणि लेखी पूर्वपीठिका. काठाचा एक टवका मोल बरेच उतरवतो. सोनेरी रेघ घासून पुसू नका. कोणी किती दाम सांगतो हे पाहू नका. तशीच वस्तू प्रत्यक्षात कितीला विकली गेली ते पाहा.

एक नियम लक्षात ठेवा: वस्तूवरची सर्वांत अलीकडची खूण तिच्या काळाची सर्वांत जुनी सीमा ठरवते. त्यापेक्षा ती जुनी असू शकत नाही, मग घरची गोष्ट कितीही गोड असो. तरी ती गोष्ट टाकून देऊ नका. ज्या घरात ग्लास "औषधाचा" म्हणून ठेवला गेला, त्या घराला दारूविषयी काय वाटत होते हे त्या एका शब्दातून कळते. ते काचेवर कुठेच कोरलेले नसते.

स्वाध्याय: घरातला एक जुना छोटा ग्लास घ्या. माप, वजन, खुणा आणि घरच्यांनी सांगितलेली माहिती वेगवेगळ्या रकान्यांत लिहा. मगच त्याचा काळ ठरवा. भंगारवाल्याला त्यानंतर बोलवा.