पांढरी बुरशी आणि पथ्याची परंपरा

तान्ह्या मुलाच्या जिभेवर दह्याच्या कवडीसारखा पांढरा थर धरतो आणि दूध पितांना तें रडूं लागतें, हें दृश्य घरोघरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांना परिचित आहे. ग्रीक वैद्य हिपॉक्रेटिस याच्या नांवावर असलेल्या ग्रंथांतहि तोंडांतील अशा पांढऱ्या डागांचा उल्लेख आढळतो. परंतु त्या थराचें खरें स्वरूप कळावयास एकोणिसावें शतक उजाडावें लागलें. १८३९ सालीं जर्मन शस्त्रवैद्य लांगेनबेक यास एका ज्वरग्रस्त रोग्याच्या शरीरांत ही बुरशी दिसली. आणि तीच ज्वराचें कारण होय, असा त्यानें ग्रह करून घेतला. तो ग्रह पुढें खोटा ठरला. १९२३ सालीं डच संशोधिका ख्रिस्तिना बेर्कहौट यांनीं ह्या बुरशीच्या वर्गास ‘कँडिडा’ हें नांव दिलें. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शुभ्र असाच आहे. ही बुरशी अनेक निरोगी माणसांच्या आंतड्यांतहि निरुपद्रवीपणें नांदत असते.

याच काळांत दुसरा एक विचार युरोपांत बळावत होता. आंतड्यांत अन्न कुजून त्याचें विष सर्वांगांत भिनतें, हें मत पॅरिसच्या बुशार यांनीं १८८७ सालीं मांडलें. रशियन शास्त्रज्ञ मेचनिकॉफ यांनीं त्यावर आंबवलेल्या दुधाचा उपाय सुचविला. जेथें जेवणाअखेरीस ताकभात ठरलेलाच, तेथें हा उपाय कोणास विचित्र वाटणार नाहीं! पण लंडनचे शस्त्रवैद्य लेन यांनीं तर रोग्यांचें मोठें आंतडेंच कापून काढण्यास आरंभ केला. अखेर १९१९ सालीं अमेरिकन डॉक्टर आल्व्हारेझ यांनीं एक साधा प्रश्न पुढें केला. बद्धकोष्ठामुळें होणारी डोकेदुखी शौचास होतांच थांबते. विष रक्तांत भिनलें असतें, तर तें इतक्या तत्काळ कसें ओसरलें असतें? ‘स्वयंविषबाधे’चा पाया येथें डळमळला, शरीरशुद्धीची कल्पना मात्र लोकांच्या मनांतून गेली नाहीं.

दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास प्रतिजैविक औषधें आलीं. त्यांनीं जंतु मरत, पण बुरशी मरत नसे. उलट प्रतिस्पर्धी नाहींसे झाल्यानें तिला रान मोकळें मिळे. १९५० सालीं एलिझाबेथ हेझन व रेचेल ब्राउन ह्या दोन अमेरिकन विदुषींनीं मातींतील एका सूक्ष्म जीवापासून ‘निस्टॅटिन’ हें बुरशीनाशक औषध शोधून काढल्याचें जाहीर केलें. न्यूयॉर्क स्टेट ह्या आपल्या राज्याचें नांव त्यांनीं औषधास दिलें, आणि त्याचें सुमारें १ कोटि ३० लक्ष डॉलरांचें उत्पन्न स्वतः न घेतां संशोधनास अर्पण केलें.

यानंतर जुन्या दोन्ही विचारांचा संगम झाला. अलाबामा राज्यांतील बर्मिंगहॅमचे डॉक्टर ट्रस यांनीं १९७८ पासून असें प्रतिपादिलें कीं, थकवा, खिन्नता, डोकेदुखी, अशा नाना तक्रारींच्या मुळाशीं हीच बुरशी आहे. १९८३ सालीं विल्यम क्रुक यांच्या ग्रंथानें हें मत घराघरांत पोंचविलें. साखर, पाव, मद्य वर्ज्य करावें, म्हणजे बुरशी उपाशी मरेल, असें तें पथ्य होतें. ज्यांच्या दुखण्यास डॉक्टरांनीं नांवच दिलें नव्हतें, अशा असंख्य स्त्रियांस त्यामुळें प्रथमच कोणीतरी आपलें ऐकून घेतल्याचा दिलासा मिळाला.

परीक्षाहि त्याच बर्मिंगहॅम शहरीं झाली. १९९० सालीं प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत डॉक्टर डिस्म्यूक्स व त्यांचे सहकारी यांनीं ४२ स्त्रियांस आळीपाळीनें निस्टॅटिन व औषधहीन गोळी दिली; कोणतें केव्हां दिलें, हें रोग्यास वा वैद्यास ठाऊक नव्हतें. योनिमार्गाच्या तक्रारींवर औषध सरस ठरलें. पण थकवा आदिकरून सर्वांगाच्या तक्रारी औषधहीन गोळीनेंहि जवळजवळ तितक्याच कमी झाल्या. त्या स्त्रियांचें दुःख खोटें नव्हतें. त्याचा आरोप मात्र भलत्यावर झाला होता.

साखर कमी करणें शरीरास हितकरच आहे, आणि मधुमेह्याच्या रक्तांतील साखर आटोक्यांत राहिली तर बुरशीचा उपद्रवहि कमी होतो. परंतु अत्यवस्थ रोग्याच्या रक्तांत ही बुरशी शिरली, तर ती प्राणघातक ठरते. तेथें लंघन वा काढा उपयोगी पडत नाहीं, बुरशीनाशक औषधच लागतें. लांगेनबेकपासून ट्रसपर्यंत एकच मोह दिसतो: जें सांपडलें, त्यालाच सर्व व्याधींचें मूळ ठरवावें. बुरशी सांपडणें सोपें असतें. तिचा अपराध सिद्ध करणें कठीण. आणि तो सिद्ध करण्याची घाई झाली, कीं खरें दुखणें तपासावयाचें राहून जातें.