रेतीबंदर आणि हायड्रोजन

खाण म्हटली की लोकांना फोडलेला डोंगर दिसतो. आमची खाण पाण्याखाली होती. वैतरणा जिथे समुद्राला मिळते, पलीकडे अर्नाळ्याचा किल्ला दिसतो, त्या खाडीच्या तळाची रेती हेच दातिवरे आणि आसपासच्या गावांचं खनिज. सरकारी कागदात ते ‘गौण खनिज’. विरार-नालासोपाऱ्याच्या इमारती ज्या रेतीवर उभ्या राहिल्या, तिला गौण म्हणायला मोठं मन लागतं.

पहिला काळ हातपाटीचा. ओहोटी बघून बोट नांगरायची, तळात वासा रोवायचा. डुबीवाला वाशाला धरून खाली उतरे, बादली रेतीत दाबून भरे आणि दोर हलवी. वरचे दोघे ओढून घेत. बादली वर येईपर्यंत तो श्वास घ्यायला बाहेर आलेला असे आणि लगेच पुन्हा खाली. बोट भरली की बंदरावर आणून पाट्यांनी उपसायची. तिथे ब्रासच्या हिशेबाने मोजणी. माझ्या लहानपणी गावात ऐकू कमी येणारी पुरुष माणसं बरीच होती. त्यांच्याशी बोलताना आम्ही मुलं आपोआप ओरडायचो. पाण्याच्या दाबाने कान गेलेत हे कोणी समजावून सांगितलं नव्हतं. पण त्या पद्धतीत एक होतं. माणसाचा दम संपला की उपसाही थांबायचा.

पुढे सक्शन पंप आले. पंपाला दम लागत नाही. रात्रभर घरघर चाले. खाडीचा तळ खोल गेला, काठ ढासळू लागले, खाजणातल्या भातात खारं पाणी शिरलं. वैतरणा आणि सफाळे स्टेशनांच्या मधल्या रेल्वेपुलांनाही धोका झाला. क्रमांक ९२ आणि ९३ हे पूल पेपरात आले तेव्हा कुठे बाहेरच्यांना आमच्या खाडीचं नाव कळलं. २०१० मध्ये उच्च न्यायालयाने राज्यातल्या रेती उपशावर बंदी घातली. नंतर अटी घालून परवाने सुरू झाले. चोरटा उपसा मात्र कधी बंद झाला असं मी म्हणणार नाही. तरी रेतीबंदरांची ती जत्रा मोडली. उरले उखडलेले धक्के, गंजलेले पाइप आणि खारफुटीत रुतलेली एखादी बोट.

अशा एका पडीक बंदरावर उभं राहून माझा भाचा म्हणाला, “मामा, इथे गावाच्या मालकीचा हायड्रोजनचा प्रकल्प का नाही होणार?” ते वर्ष २०२३. जानेवारीत केंद्राने हरित हायड्रोजनचं १९,७४४ कोटींचं मिशन मंजूर केलं होतं, पाठोपाठ राज्याचंही धोरण आलं. बरोबरचे सगळे हसले. मी घरी येऊन वाचायला बसलो.

हायड्रोजन आपल्याला वाटतो तितका परका नाही. १८६५ पासून मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले. कोळशापासून काढलेल्या असल्या गॅसमध्ये निम्म्याच्या आसपास हायड्रोजनच असतो. पंजाबात नांगलला भाक्राच्या विजेवर पाणी फोडून हायड्रोजन काढत, आणि १९६२ पासून तिथे जड पाणीही होऊ लागलं. वनस्पती तूप गोठवायलाही हाच वायू लागतो.

खाणीच्या जागेवर हायड्रोजन, हेही झालेलं आहे. जर्मनीत हेर्टेन नावाचं कोळशाचं गाव आहे. तिथली एवाल्ड खाण २००० मध्ये बंद पडली. पुढच्या दहा वर्षांत नगरपालिकेने त्याच आवारात हायड्रोजनचं केंद्र उभं केलं. खाणीतून निघालेल्या दगडमातीचं जे टेकाड झालं होतं, त्यावर पवनचक्की आहे. तसल्या वाऱ्याच्या विजेवर पाणी फोडायचं, अशी ती योजना. स्कॉटलंडजवळच्या ईडे बेटावर तर वस्ती आमच्या एखाद्या पाड्याएवढी. त्यांच्या सामाईक पवनचक्कीची सगळी वीज तारेत मावत नव्हती, म्हणून चक्की थांबवून ठेवावी लागे. ती वाया जाणारी वीज त्यांनी हायड्रोजनमध्ये साठवली आणि फेरीबोटीतून कर्कवॉल बंदरात नेऊन धक्क्याला लागलेल्या बोटींना वीज दिली.

ईडेची गोष्ट भाच्याला आवडली. मला त्यातली चक्की कोणाची हे आवडलं. कारण वीज आमच्या किनाऱ्याला नवी नाही. इथून उत्तरेला तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९ चं. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. ज्यांच्या दारात वीज तयार होते त्यांच्या नावावर त्या विजेचा एक युनिटही नसतो, हे आम्ही मोठे होताना पाहिलं. रेतीचंही तेच. डुबीवाल्याला बुडीची मजुरी मिळाली, ब्रासचा भाव दुसऱ्यांनी ठरवला. तिसऱ्यांदाही मजुरीच मिळणार असेल, तर यंत्र हरित आहे की काळं याने आमच्या घरात काय बदलणार?

मग आम्ही मामा-भाचे हिशेबाला बसलो. एक किलो हायड्रोजनला पन्नास ते पंचावन्न युनिट वीज लागते. छतावरचा एक किलोवॉटचा सोलर दिवसाला चार युनिटच्या आसपास देतो, म्हणजे रोजच्या किलोला तेरा-चौदा किलोवॉट. त्या किलोत सव्वातीन लिटर डिझेलएवढी ऊर्जा. पण त्यापासून परत वीज केली तर घातलेल्या विजेतली तिसरा हिस्साच हाती येते. त्यापेक्षा सोलरची वीज सरळ बर्फाला वापरावी, असं माझं मत पडलं. मासेमारीत डिझेलनंतर माणूस रडतो तो बर्फालाच. भाचा म्हणाला, जास्तीची वीज वाया जात असेल तेव्हाच हायड्रोजन करायचा, ईडेवाल्यांनी तेच केलं. तेही खरं.

जागेचा प्रश्न त्याहून अवघड. भरतीच्या रेषेखालची जमीन सरकारची, वरच्या पट्ट्याला सीआरझेड. गावाने अर्ज कोणत्या नावाने करायचा? ग्रामपंचायतीच्या, मच्छीमार सोसायटीच्या, की नवी संस्था काढून? या एका मुद्द्यावर दोन संध्याकाळी गेल्या. पूर्वी डुबी मारणारे एक आजोबा दोन्ही दिवस ऐकत बसले होते. त्यांना मोठ्याने सांगावं लागलं की किलोमागे निदान नऊ लिटर पाणी लागतं, आणि तेही गोडं, खारं चालत नाही.

“गोडं?” ते म्हणाले. “मग आधी आमच्या विहिरीचं बघा.”

भाच्याने वहीत हिशेबाच्या वर, पहिल्या ओळीत, ते लिहून घेतलं.