पोकरमध्ये ‘ड्रॉ’ हातात असताना चिप्स लावायच्या का? समजून घ्या गणित

गणपतीच्या जागरणाला भिवंडी-ठाणे पट्ट्यात तीन पत्तीचा डाव बसतो, तेव्हा तिन्ही पाने सुरुवातीलाच वाटलेली असतात. तुमच्याकडे कलर असतो किंवा नसतो. ‘एक पान आलं तर कलर होईल’ अशी अवस्था तिथे नाहीच. ती आहे रमीत, पण रमीत प्रत्येक पानासाठी वेगळे पैसे मोजावे लागत नाहीत. टेक्सस होल्डम पोकरमध्ये मात्र अपुरा हात घेऊन पुढचे पान बघायचे असेल, तर समोरच्याने लावलेली रक्कम भरावी लागते. अशा अपुऱ्या हाताला ‘ड्रॉ’ म्हणतात. तीन पत्तीवर वाढलेला खेळाडू पोकरमध्ये बहुतेक वेळा इथेच चुकतो.

किती पाने कामाची?

समजा, तुमच्या हातात बदामचा एक्का आणि बदामची नव्वी आहे. टेबलावर पहिली तीन पाने (फ्लॉप) पडली: बदामचा राजा, बदामची तिर्री, इस्पिकची अठ्ठी. चार बदाम झाले, फ्लशसाठी पाचवे हवे. १३ पैकी ९ बदाम अजून दिसलेले नाहीत. तुम्ही ५ पाने पाहिलीत, म्हणजे न दिसलेली ४७. पुढच्याच पानाला बदाम येण्याची शक्यता ९ भागिले ४७, म्हणजे साधारण १९ टक्के. उरलेली दोन्ही पाने पाहायला मिळाली तर ३५ टक्के. दोन्ही बाजूंनी उघड्या सिक्वेन्सला (उदाहरणार्थ ६-७-८-९) ८ पाने चालतात आणि दोन पानांत शक्यता ३१ टक्क्यांच्या आसपास जाते. मधलेच एक पान हवे असेल तर फक्त ४ पाने, म्हणजे जेमतेम १६ टक्के.

आता किंमत बघू. पॉटमध्ये १,००० चिप्स आहेत, समोरच्याने ५०० लावल्या. तुम्ही ५०० भरल्या की पॉट २,००० होतो. यातल्या ५०० तुमच्या, म्हणजे चौथा हिस्सा. जिंकण्याची शक्यता २५ टक्क्यांहून जास्त असेल तरच भरणे परवडते.

मग १९ धरायचे की ३५? समोरच्याच्या त्या शेवटच्या ५०० असतील, तर पुढे पैसे लागणार नाहीत आणि दोन्ही पाने दिसतील. ३५ धरा, भरा. त्याच्याकडे चिप्स उरल्या असतील तर चौथ्या पानानंतर तो पुन्हा लावेल, म्हणून १९ धरा. हे तोट्याचे आहे, जर बदाम आल्यावर त्याच्याकडून आणखी ६०० च्या वर काढता येणार नसतील. आणि टेबलावर तिसरे बदाम पडलेले सगळ्यांनाच दिसते. सावध खेळाडू तिथेच हात आखडतो. सिक्वेन्स त्या मानाने लपलेली राहते.

‘आधीच इतके घातलेत, आता कशाला सोडू?’ हा विचार मात्र बाजूला ठेवा. पॉटमध्ये गेलेल्या चिप्स आता तुमच्या नाहीत.

आपणच सगळ्या लावल्या तर?

डेव्हिड स्क्लान्स्की या अमेरिकी लेखकाने याला ‘सेमी-ब्लफ’ हे नाव दिले. हात पूर्ण नसताना लावायचे. समोरचा पॅक झाला तर पॉट लगेच तुमचा, नाही झाला तरी बदाम येऊ शकतेच.

पॉट १,०००, तुमच्याकडे १,०००, तुम्ही सगळ्या लावल्या. समोरच्याकडे तीन राजे असतील तर तुमची शक्यता ३५ वरून २५ टक्क्यांजवळ घसरते, कारण टेबलावर जोडी पडली की त्याचा फुल हाऊस होतो आणि तुमचा फ्लश हरतो. सोपे जावे म्हणून धरू की तो भरतो तेव्हा तुम्ही नेहमी अशाच वाईट अवस्थेत असता. तेव्हा सरासरी २५० चा तोटा होतो. पण दहापैकी चार वेळा तो पॅक होत असेल, तर ४,००० मिळाले, सहा वेळा मिळून १,५०० गेले. दर डावाला सरासरी २५० चा फायदाच.

आता हाच डाव कधीच पॅक न होणाऱ्या माणसासमोर खेळा. फायदा संपला, ते २५० तोट्यात गेले. म्हणजे ड्रॉवर सगळ्या चिप्स लावण्यातला खरा नफा पानांतून कमी, समोरच्याच्या माघारीतून जास्त येतो. ‘शो बघितल्याशिवाय उठणार नाही’ म्हणणाऱ्या मित्रांच्या टेबलावर सेमी-ब्लफ करू नये. तिथे फक्त पॉटची किंमत बघायची. टुर्नामेंटमध्ये चिप्स संपल्या की बाहेर, त्यामुळे तिथे थोडा फायदा दिसत असूनही डाव सोडणे बरोबर ठरू शकते.

कुठे खेळता येते?

महाराष्ट्रात १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात कौशल्याचा खेळ आणि नशिबाचा खेळ असा फरकही ठेवलेला नाही. त्यानंतर ॲपवरची पैशांची पोकर टेबले बंद झाली. भिवंडीकराला परवान्याचे टेबल हवे असेल तर सर्वांत जवळचा पर्याय म्हणजे पणजीत मांडवी नदीतल्या कॅसिनो बोटी. वरचे गणित मात्र खोट्या चिप्स किंवा काडेपेटीतल्या काड्या लावूनही तपासता येते.