हातोड्याने पाडलेली इंग्लिश चांदीची नाणी

इंग्लंडमध्ये टाकसाळीत यंत्रांचा वापर रूढ होण्यापूर्वी, दोन ठशांच्या मध्ये चांदीची चकती ठेवून हातोड्याच्या आघाताने पाडलेली नाणी या नावाने ओळखली जातात. ही पद्धत सातव्या शतकाच्या उत्तरार्धापासून १६६२ पर्यंत प्रचलित होती. मध्ययुगीन इतिहासाचे साधन म्हणून, तसेच संग्राहकांच्या आवडीचा विषय म्हणून या नाण्यांना महत्त्व आहे.

निर्मितीची पद्धत

खालचा ठसा लाकडी ओंडक्यात रोवलेला असे व वरचा ठसा कारागीर हातात धरी. आघात थेट वरच्या ठशावर होत असल्याने तो लवकर झिजे. प्रत्येक आघात निराळा पडत असल्यामुळे दोन नाणी तंतोतंत सारखी नसतात. छाप एका बाजूस सरकलेली असणे, ती दुहेरी उमटणे किंवा काठ असमान असणे ही या नाण्यांची सामान्य लक्षणे आहेत.

इतिहास

मर्सियाचा राजा ऑफा (राज्यकाळ ७५७–७९६) याच्या काळात रुंद व पातळ पेनी रूढ झाली. पुढे कित्येक शतके पेनी हेच इंग्लंडचे मुख्य नाणे राहिले. २४० पेनींचा एक पौंड होई. राजा एडगर याने सुमारे ९७३ मध्ये राज्यभर एकच नमुना लागू केला. नाण्यावर टाकसाळीचे गाव आणि टाकसाळ-अधिकाऱ्याचे नाव कोरले जाऊ लागल्याने हिणकस नाण्याची जबाबदारी निश्चित करता येई. पहिल्या हेन्रीने ११२४ मध्ये अशा अधिकाऱ्यांना विंचेस्टर येथे बोलावून अनेकांचे उजवे हात तोडविले.

नाण्याच्या काठाची चांदी कातरून घेणे हा नेहमीचा गुन्हा होता. त्यास आळा घालण्यासाठी १२४७ मध्ये मागील बाजूचा क्रूस काठापर्यंत वाढविण्यात आला. १२७८ मध्ये कातरणीच्या आरोपावरून शेकडो ज्यूंना अटक झाली व त्यांपैकी अनेकांना फाशी देण्यात आली. १२९० मध्ये ज्यूंना इंग्लंडमधून हद्दपार करण्यात आले.

पहिल्या एडवर्डने १२७९ पासून ग्रोट (चार पेनी), गोल अर्धी पेनी व फार्दिंग ही नाणी काढली. तत्पूर्वी सुट्या पैशांसाठी पेनी क्रुसाच्या रेषेवर कापून तिचे अर्धे वा पाव तुकडे करीत. आठव्या हेन्रीने १५४४ पासून चांदीत तांब्याचे प्रमाण बरेच वाढविले. झिजलेल्या नाण्यांवर राजाच्या चित्रातील नाकाच्या ठिकाणी तांबे उघडे पडे. त्यावरून त्यास ‘तांबड्या नाकाचा’ असे उपहासात्मक नाव पडले. ही हिणकस नाणी पहिल्या एलिझाबेथने १५६०–६१ मध्ये परत घेतली. जुनी हातोड्याची नाणी १६९६ च्या पुनर्टंकनात चलनातून बाद झाली.

वैशिष्ट्ये

* पहिला रिचर्ड व जॉन यांच्या काळातील इंग्लिश पेनींवर त्यांच्या पित्याचे, म्हणजे हेन्रीचे, नाव कायम राहिले. त्यामुळे केवळ नावावरून राजा ठरविता येत नाही. अक्षरांची व चित्राची घडण पाहावी लागते.
* एलिझाबेथच्या नाण्यांत आकाराने जवळची मूल्ये ओळखता यावीत म्हणून काही मूल्यांवर राणीच्या मस्तकामागे गुलाब असे.
* राजेशाही नष्ट झाल्यानंतरच्या प्रजासत्ताक काळात (१६४९–१६६०) नाण्यांवर लॅटिनऐवजी इंग्रजी मजकूर होता.
* १६४५–४६ मध्ये वेढ्यात सापडलेल्या न्यूअर्क येथे चांदीच्या भांड्यांपासून समभुज चौकोनी नाणी पाडली गेली.
* १६००–१६०१ मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या पूर्वेकडील व्यापारासाठी गजांच्या दरवाजाचे चिन्ह असलेली खास नाणी काढण्यात आली.

संग्रह व कायदा

आज अशी नाणी बहुधा शेतजमिनीत धातुशोधक यंत्राने सापडतात. घासून स्वच्छ केल्यास नाण्याचा पृष्ठभाग कायमचा खराब होतो. ओतीव बनावट नाणीही बाजारात असल्याने वजन, काठ व अक्षरे तपासली जातात. इंग्लंडमध्ये १९९६ च्या खजिना कायद्यानुसार, एकाच ठेव्यातील तीनशे वर्षांहून जुनी दोन किंवा अधिक चांदीची नाणी सापडल्यास ती कळविणे बंधनकारक आहे. सुटे नाणे सहसा या कायद्यात येत नाही, तथापि त्याची ऐच्छिक नोंद करता येते. सापडल्याचे ठिकाण नोंदले न गेल्यास नाणे उरते, परंतु त्या काळातील व्यापार, वस्ती व प्रवास यांविषयी त्यातून मिळू शकणारी माहिती नष्ट होते.