‘त्यांच्यानंतर आई’: एका शब्दाचा इतिहास



दशलक्षण पर्वात बस्तीतून परतताना ओळखीची एक मुलगी भेटली. नवऱ्यापासून वेगळी होऊन माहेरी आली आहे, मुलगा ७ वर्षांचा. त्याच्या नावाने ठेव ठेवायला बँकेत गेली, तर ‘वडिलांची सही आणा’ म्हणून परत पाठवलं. सोबतच्या काकू म्हणाल्या, “मूल बापाचंच गं, कायदाच तसा आहे.” मी गप्प राहिले, कारण मलाही तसंच वाटत होतं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना, म्हणून वाचत बसले.

आपल्याला लागू असलेला पालकत्वाचा कायदा १९५६ चा. नावात ‘हिंदू’ असलं तरी त्यात जैन, बौद्ध, शीख स्पष्टपणे धरले आहेत. त्याचं कलम ६ म्हणतं, अज्ञान मुलाचे नैसर्गिक पालक वडील, ‘आणि त्यांच्यानंतर आई’. ५ वर्षांखालचं मूल मात्र सहसा आईजवळ असावं. थोडक्यात, मांडीवर आईच्या, कागदावर बापाचं! काकूंचं बोलणं इथलंच. पण त्याच कायद्याचं कलम १३ सांगतं की मुलाचं हित सर्वांत वर.

या दोन कलमांची ओढाताण न्यायालयांपुढे पुन्हा पुन्हा आली. १९७० मध्ये जिजाबाई गजरे खटला सर्वोच्च न्यायालयात पोचला. आईवडील २० वर्षांहून अधिक काळ वेगळे राहत होते. मुलीची जमीन आईच कुळाला कसायला देत होती. वडील हयात होते, पण मुलीकडे लक्षच नव्हतं. न्यायालय म्हणालं, अशा वडिलांचं असणं नसल्यासारखंच. इथे आई हीच नैसर्गिक पालक.

१९७३ च्या रोझी जेकब खटल्यात न्यायालयाने बजावलं की मुलं ही आईबापांची मालमत्ता नाहीत आणि खेळणीही नाहीत. ताब्याचा आदेशही कायमचा नसतो, परिस्थिती पालटली की बदलता येतो.

मग लेखिका गीता हरिहरन. नवराबायको एकत्रच राहत होते. १९८४ मध्ये मुलाच्या नावाने रोखे घेताना त्यांनी पालक म्हणून सही केली. रिझर्व्ह बँकेने अर्ज परत केला: वडिलांची सही आणा, नाहीतर पालकत्वाचा दाखला. त्या न्यायालयात गेल्या. निकाल लागला १९९९ मध्ये. ‘त्यांच्यानंतर’ म्हणजे वडिलांच्या मृत्यूनंतर नव्हे, तर त्यांच्या ‘अनुपस्थितीत’. वडील मुलाकडे पाहत नसतील, दूर असतील, आजारी असतील, किंवा दोघांनी ठरवून जबाबदारी आईवर सोपवली असेल, तर आईच पालक.

याचा अर्थ आई जिंकली, बाप हरला, असा नाही. ताबा कोणाकडे, हे ठरवताना न्यायालय आजही मुलाचं हित पाहतं. समजतं मूल असेल तर त्यालाही विचारतं. जो सांभाळतो त्याच्या सहीला मान मिळाला, एवढंच. कायद्यातले शब्द मात्र तेच राहिले, म्हणून खिडकीवरचा माणूस अजून जुनाच अर्थ लावतो.

हे सारं मी त्या मुलीला सांगून आले. काकूंनाही सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “आमच्या वेळी हे कुणी सांगितलंच नाही गं.”

क्षमावाणीच्या दिवशी मी त्या मुलीची क्षमा मागितली, त्या दिवशीच्या माझ्या गप्प राहण्याबद्दल.